कंदीलवाल्याचा दुसरा हात

"अख्ख्या इचलकरंजीत बत्तीसच्या बत्तीस खोल्या एका टोकनात काढणारा एकच माणूस झाला, आणि तो तुमच्यासमोर बसलाय," आमचे हे पुण्याहून आलेल्या पोरीला म्हणाले. "त्या दांडीला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला असंल, तर भूपाल उपाध्ये नाव लावणार न्हाई."

नाव सोडायची पाळी सहा आठवड्यांत आली. पण त्या दिवशी मी मुकाट्यानं पोहे पुढे केले.

मी त्रिशला. ह्यांचं वय पंचावन्न, यंत्रमागाचे सुटे भाग विकायचं दुकान आहे. गोष्ट आहे दोन हजार पस्तीस सालातली, पण तिची सुरुवात चाळीस वर्षांपूर्वीच्या एका लाकडी पेटीत झाली. तेव्हा गावभागात आदगोंडा चौगुल्यांचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. त्यातल्या एका खेळात पेटीवरची दांडी फिरवली की टोपीवाला माणूस कंदील घेऊन गुहेत शिरायचा. खोलीत दिवे लावायचे, सांडलेलं तेल गोळा करायचं, वटवाघळं चुकवायची नाहीतर मारायची, पुढचं दार उघडायचं. अशा बत्तीस खोल्या, शेवटी एक राजकन्या. खेळाचं खरं नाव परदेशी होतं, कुणाला वाचता यायचं नाही. गावात सगळे 'कंदीलवाला' म्हणायचे.

तर या कंदीलवाल्यावर पुण्याची एक कंपनी कार्टून मालिका काढत होती, आणि ऋजुता नावाची ती पोरगी तिथलं शास्त्र बघायची. अडचण अशी होती की खेळात गोष्टच नव्हती. माणूस उजवीकडे चालतो, एवढंच कथानक.

"म्हणून आम्ही लेखक घेतलेच नाहीत," ऋजुता म्हणाली. "चौगुल्यांच्या वखारीत ती जुनी पेटी सापडली ना, तिच्यात एक चिप आहे. सगळ्यात जास्त गुण मिळवणाऱ्याचा पूर्ण खेळ तिच्यात नोंदलेला असतो. कुठलं बटण कुठल्या क्षणी दाबलं, बस. पेटी रिकामी असली की तोच खेळ आपोआप दाखवायची, गिऱ्हाइकं यावीत म्हणून. आणि त्या खेळावर तीन अक्षरं आहेत. बी, एच, यू."

"भूपाल," हे म्हणाले आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

"काकू, सही जशी प्रत्येकाची वेगळी, तसं बटण दाबणंही वेगळं असतं. वटवाघूळ दिसल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ गेला, चुकल्यावर पुढचं बटण रागानं दाबलं की विचार करून, हे सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतं. आम्ही तीन लाख माणसांना खेळायला लावलं आणि ती घरी-दारी कशी वागतात तेही नोंदवलं. यंत्र त्यातून शिकलं. आता नुसतं खेळणं बघून ते सांगतं की हा माणूस घाबरट आहे, हावरा आहे, दिलेला शब्द पाळतो की नाही. त्याला आम्ही स्वभावछाप म्हणतो. काकांनी एकेचाळीस मिनिटांत साडेसहा हजार वेळा बटण दाबलंय. माणूस साडेसहा हजार वेळा खोटं बोलू शकत नाही."

मी मनात म्हटलं, तू अजून ह्यांच्या दुकानात बसली नाहीस.

"मग कंदीलवाल्याला ती छाप द्यायची आणि प्रसंगात सोडायचं. पूर आला, राक्षस आला, पाहुणे आले. काका जे करतील तेच तो करणार. आम्ही फक्त चित्रं काढणार."

हे इतके फुगले की खुर्चीचा वेत वाजला. आतल्या खोलीतून माझ्या सासूबाई, जिनमती उपाध्ये, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, वय एकोणऐंशी, जैन श्राविका मंडळाच्या चाळीस वर्षं अध्यक्ष, एवढंच म्हणाल्या, "असली थेरं आमच्या वेळी बंद पाडायला निघालतो आम्ही." आणि परत जपाला लागल्या.

मी मात्र त्या दिवशी पेटीचं नाव ऐकून चहात दोनदा साखर घातली. कारण माझं लग्न त्या पेटीनं जमवलं होतं, आणि हे ह्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं.

सोळा वर्षांची असताना मी पार्लरच्या माडीवर टायपिंगच्या क्लासला जायची. साडेचारला क्लास सुटला की मैत्रिणीची वाट बघत पार्लरच्या दारात उभी राहायची. आत जायची टाप नव्हती. पण दारातून ती रिकामी पेटी दिसायची, आणि तिच्यात आपोआप चालणारा तो खेळ. कंदीलवाला वटवाघूळ आलं की मारायचा नाही. थांबायचा. ते जाऊ द्यायचा. मग एकेक थेंब तेल उचलून पुढे निघायचा. बाकीची पोरं धडाधड मारत सुटायची आणि हा असा. मी पार्लरवाल्या आदूअण्णांना विचारलं, हे कोण खेळलंय? ते म्हणाले, उपाध्यांचा भूपाल.

चार वर्षांनी त्याच भूपालचं स्थळ आलं. फोटोत काही नव्हतं, पगारात त्याहून नव्हतं. वडील नको म्हणत होते. मी हो म्हटलं. जो माणूस चित्रातल्या वटवाघळालाही उगाच मारत नाही, तो घरात आवाज चढवणार नाही, असा माझा हिशेब.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी ह्यांनी आंघोळीचं पाणी गार झालं म्हणून बादलीला लाथ मारली. तेव्हापासून बत्तीस वर्षं मी तो थांबणारा माणूस शोधतेय.

*

पहिला भाग बघायला गल्ली आमच्या बैठकीच्या खोलीत आली. भिंतीवरच्या पडद्यावर कंदीलवाला उभा राहिला. टोपी, मिशी, हातात कंदील. गावकऱ्यांनी त्याला सांगितलं, राजकन्या गुहेत अडकली आहे, पाणी चढतंय, लवकर जा.

कंदीलवाल्यानं नऊ मिनिटं भाषण केलं. गुहा त्याला लहानपणापासून पाठ आहे, असल्या गुहा तो झोपेत काढतो, मागे एकदा याहून मोठी गुहा होती. पाणी गावकऱ्यांच्या गुडघ्याला लागलं. मग तो धावत आत गेला आणि भिंतीवर आपटला. उठला, परत धावला, परत त्याच भिंतीवर आपटला. मग बाहेर येऊन म्हणाला, भिंत काल इथं नव्हती.

खोलीत हशा उसळला. शेजारच्या कोरेवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "त्रिशला, मिशी काढली तर हुबेहूब गं."

"संकलनात गडबड झालीया," हे म्हणाले. "ह्या भिंतीचं मी सांगितलं होतं त्या पोरीला."

आणि मग ते घडलं. तिसऱ्यांदा आपटल्यावर कंदीलवाला जागच्या जागी थांबला. चार सेकंद. पुतळ्यासारखा. त्यानंतर जो हलला तो वेगळाच माणूस होता. खांदे खाली, पाऊल सावकाश. वटवाघूळ आलं, त्यानं जाऊ दिलं. राक्षस गुरकावला, हा त्याच्याकडे बघत उभा राहिला, शेवटी राक्षसालाच अवघडल्यासारखं झालं आणि तो बाजूला झाला. यानं तेल गोळा केलं, दार उघडलं, आणि जाण्याआधी मागे वळून खोलीतले लावलेले सगळे दिवे विझवले. दिवे विझवायचे खेळात गुण मिळत नाहीत, काहीच मिळत नाही. मागून येणारे गावकरी अंधारात एकमेकांवर पडले.

सगळे हसले. मी हसले नाही. बत्तीस वर्षांनी मला माझा नवरा दिसला होता, आणि तो माझ्या शेजारी बसलेला माणूस नव्हता.

चौथ्या भागापर्यंत अख्ख्या राज्यात लोकांनी कंपनीकडे तक्रारी केल्या. नायकाच्या अंगात येतं का? मधेच तो संध्याकाळ व्हायच्या आत जेवायला निघून जातो, राजकन्या तशीच टांगलेली. ऋजुतानं फोन केला. हे दुकानात होते, मी उचलला.

"काकू, जरा विचित्र आहे. आम्ही छाप परत तपासली. ती एका माणसाची नाही. दोन माणसं आहेत. एकेचाळीस मिनिटांत एकोणीस वेळा दांडी दुसऱ्या माणसाकडे गेलीय. दर वेळी चारेक सेकंद मधे जातात, दांडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायला लागतात तेवढी."

"दुसरा कोण?"

"ते यंत्राला कसं कळणार? एवढं कळतं की वय जास्त आहे, घाई नाही, काही वाया गेलेलं चालत नाही. आणि तो दुसरा माणूस एकदाही कशाला मारत नाही. एकोणीसच्या एकोणीस वेळा. आणि काकू, बाई असण्याची शक्यता ऐंशी टक्के आहे."

मी गॅस बंद केला आणि खाली बसले.

*

पार्लरमध्ये एक रीत होती, ती तेव्हाच्या सगळ्यांना माहीत आहे. अवघड खोलीत अडकलं की शेजारच्याला म्हणायचं, एवढी काढून दे. त्यानं काढून द्यायची आणि दांडी परत द्यायची. त्यात कमीपणा नव्हता. पण मग सगळ्या मीच काढल्या असं सांगत फिरायचं नसतं, आणि फिरायचंच तर बत्तीस वर्षं बायकोला सांगायचं नसतं.

दुपारी हे जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. तिथं खिडकी नाही, दिवसाही ट्यूबलाईट लागते. मी दार लोटलं.

"एकोणीस वेळा कुणाकडून काढून घेतलंत?"

"काय?"

"खोल्या."

"कोण म्हणतंय?"

"साडेसहा हजार बटणं म्हणताहेत."

हे उठून बसले. "त्याचं काय असतंय, दांडी तापायची. मी मधी मधी हात झटकायचो."

"आणि झटकला की वटवाघळांवर दया यायची?"

"धर्म हाय आपला."

"परवा मच्छर मारायची रॅकेट घेऊन गच्चीवर नाचत होता तुम्ही. बाई होती म्हणे."

ह्यांच्या चेहऱ्याचा रंग गेला. मी दुकानात खोटा माल खपवताना ह्यांना पाहिलंय, आयकर अधिकाऱ्यासमोर पाहिलंय. रंग कधी गेला नव्हता.

"त्रिशला, मी शब्द दिलाय. त्याच्यापुढं इचारू नको."

"कुणाला दिलाय?"

तेवढ्यात दार किलकिलं झालं. सासूबाईंचा हात आत आला, भिंतीवरचं बटण खट्कन बंद झालं आणि खोली काळीकुट्ट झाली.

"बोलतच बसलाय न्हवं," बाहेरून आवाज आला. "बोलायला दिवा कशाला लागतोय?"

आम्ही दोघं अंधारात बसून राहिलो. मला वाटलं, इतक्या मोक्याच्या क्षणी टपकायचं ह्या बाईला बरोबर सुचतं. मला तेव्हा दुसरं काहीच सुचलं नाही, याची आता लाज वाटते.

माझ्या डोक्यात एकच नाव होतं. सुलोचना. आदूअण्णांची मुलगी, पार्लरच्या गल्ल्यावर बसायची. आमच्यातलीच, म्हणजे न मारणारी. सावकाश बोलणारी. आणि पार्लर बंद करताना दिवे विझवायचं काम तिचंच. सगळं जुळत होतं.

सुलूचं आता साड्यांना फॉल लावायचं दुकान आहे. मी एक नवी कोरी साडी घेऊन गेले, म्हणजे बसायला निमित्त.

"फॉल लावलेलाच हाय की हिला," सुलू साडी उलटून म्हणाली.

"सुलू, तू कंदीलवाला खेळायचीस?"

तिनं चष्म्यावरून बघितलं. "मालिका बघून आलीस व्हय? मला अप्पा पेटीला बोट लावू द्यायचे न्हाईत. मी टोकन मोजायची आणि गणितं सोडवायची."

"मग भूपालला खोल्या कोण काढून द्यायचं?"

ती सुईत दोरा ओवायला लागली, सुईत आधीच दोरा होता.

"एक बाई यायची," शेवटी म्हणाली. "रोज सव्वापाचला. पावणेसहाला निघून जायची, दिवस मावळायच्या आत."

"लग्नाची?"

"लग्न झालेली."

मी खुर्ची पुढे ओढली. "दिसायला कशी होती?"

"तवा बरी होती."

"नाव सांग."

"ते न्हाई सांगता येणार. अप्पांनी देवळात नेम घेतलेला, त्या बाईचं नाव कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. अप्पा गेले, मी पाळते."

"तुझा नेम होतोय आणि माझा संसार जातोय."

"तुझा संसार त्या बाईनंच तर..." एवढं बोलून तिनं दोरा दातानं तोडला आणि जीभही चावली. "जा बाई तू. फॉलचे पैसे नकोत."

घरी येऊन मी बॅग भरली आणि नाशिकच्या गाड्यांचं वेळापत्रक भिंतीवर डकवलं. नाशिकला मुलगी असते, अक्षता, तिला फोन केला.

"आई, पप्पांवर संशय? पंचावन्नाव्या वर्षी?"

"पंचावन्नाव्या वर्षीच्या पप्पांवर कोण संशय घेतंय? माझा संशय पंधरा वर्षांच्या पप्पांवर आहे."

"म्हणजे लग्नाच्या आधीचा? मग सोड ना."

तिला कसं सांगणार? दुसरी बाई असेना का, तिचं मला एवढं नव्हतं. पण ज्याला बघून मी आयुष्य दिलं तो माणूस कुणीतरी तिसराच असेल, तर ह्या घरात मी बत्तीस वर्षं कुणाकडे राहत होते? मी ठरवलं, रविवारी ते नाव कळलं तर ठीक, नाहीतर साडेपाचची नाशिकची गाडी.

कारण रविवारी परीक्षा होती. कंपनीनं कळवलं होतं की दुसरा हात कुणाचा ते समजल्याशिवाय मालिका पुढे जाणार नाही, नायक आता दर पाच मिनिटांनी गोठतोय. भूपालरावांनी सगळ्यांसमोर जुन्या पेटीवर पूर्ण खेळ खेळून दाखवावा. दुसरी छापही त्यांचीच आहे का, ते यंत्र ताडून बघेल. ह्यांना नाही म्हणता आलं नाही, कारण बोलावण्यात 'सत्कार' हा शब्द होता.

*

रविवारी तीनला नाट्यगृह भरलं, भाषणं संपायला पाच वाजले. पेटी स्टेजच्या मधोमध, मागे मोठा पडदा. पहिल्या रांगेत सासूबाई, मंडळाच्या अध्यक्ष म्हणून त्यांना श्रीफळ मिळालं होतं, ते मांडीवर. मी मागच्या दाराजवळ, बॅग पायाशी.

"जरा बोटं आखडली असतील," ऋजुता माइकवर म्हणाली, "पण काळजी नाही. वयानं वेग कमी होतो, दोन बटणांमधलं प्रमाण बदलत नाही. माणूस म्हातारा होतो, छाप नाही." तिनं ह्यांच्या हाती जुनं पितळी टोकन दिलं, ह्यांनी ते पेटीत टाकलं.

पहिल्या तीन खोल्या झकास गेल्या. हे मागे वळून लोकांना हात करत होते. पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी चढत होती, पहिला हात, सत्त्याण्णव टक्के. चौथ्या खोलीत कंदीलवाला भिंतीवर आपटला. पुन्हा आपटला. लोक हसू लागले. तिसऱ्यांदा आपटल्यावर ह्यांनी एक गोष्ट केली, ती फक्त मी आणि त्या यंत्रानं पाहिली असेल. ह्यांनी मान डावीकडे वळवून खांद्यावरून मागे बघितलं. शाळेतला पोरगा बघतो तसं.

"काका, मागे काय बघताय?" ऋजुतानं विचारलं.

"काय न्हाई. दांडी तापली."

कंदीलवाल्याचे दोन जीव गेले. तिसरा शेवटचा. मी बॅगेचा पट्टा धरला.

पहिल्या रांगेतून आवाज आला. "टोकन टाकलंय न्हवं?"

"हो आजी," ऋजुता म्हणाली. "पण त्याला आता तसा अर्थ नाही."

"अर्थ कसा न्हाई? अजून एकोणतीस खोल्या हायेत." सासूबाईंनी श्रीफळ शेजारणीच्या मांडीवर ठेवलं, पदर खोचला आणि पायऱ्या चढून वर गेल्या. "भूपाल, सरक."

हे सरकले. चार सेकंद लागली. मी मोजली.

कंदीलवाल्याचे खांदे खाली आले. वटवाघूळ आलं, त्यांनी जाऊ दिलं. दुसरं आलं, तेही जाऊ दिलं. मग एकेक थेंब तेल उचललं, दार उघडलं, आणि वळून चारी दिवे विझवले. कोपऱ्यातली पट्टी सरकन वर गेली. दुसरा हात, नव्व्याण्णव टक्के.

मी कधी स्टेजवर पोचले मला आठवत नाही.

"आत्याबाई, तुम्ही?"

"गप. वटवाघूळ येतंय."

ते गेल्यावर, दांडीवरचा हात न काढता त्यांनी सगळं सांगितलं, भाजी निवडताना सांगतात त्या सुरात. पार्लर बंद पाडायला त्यांनी नगरपालिकेला द्यायचा अर्ज लिहिला होता, दोनशे सह्या घेतल्या होत्या. आदूअण्णांना बजावायला पार्लरमध्ये शिरल्या, तर आपलाच पोरगा पेटीपुढे. कान धरून ओढला. तो म्हणाला, आई, टोकन टाकलंय, अजून सात मिनिटं आहेत.

"आता भरलेली सात मिनिटं सोडून यायची? मला ते बघवना. म्हटलं सरक, संपवून जाऊ. दुसऱ्या दिवशी परत तसंच. अध्यक्षबाई पेटी खेळतात म्हणून गावात झालं असतं, म्हणून आदगोंडाला नेम घ्यायला लावला. ह्यालाबी शब्द घातला."

"आणि अर्ज?"

"द्यायचा राहिला."

"किती दिवस?"

"सात वर्षं," सासूबाई म्हणाल्या आणि विसावी खोली काढली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हार घालून उभे होते, तोंड उतरलेलं. ह्यांनी मला फसवलं होतं, ते खरंच होतं, ते मी विसरणार नव्हते. पण मोठी पंचाईत वेगळीच होती. ज्या संयमावर भाळून मी लग्नाला हो म्हटलं, तो संयम बत्तीस वर्षं माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी आमटीत मीठ किती घालते ते बघत होता. आणि आमटीवरूनच एकदा वाजल्यापासून मी त्याच्याशी अकरा वर्षं कामापुरतंच बोलत होते.

"तुम्ही कधी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू कधी इचारलंस का?"

साडेपाचची नाशिकची गाडी निघून गेली. मी क्षमा वगैरे केली नव्हती. सासूबाई एकतिसाव्या खोलीत होत्या आणि मला शेवट बघायचा होता. बत्तिसाव्या खोलीत राजकन्या 'वाचवा, वाचवा' करत होती. सासूबाईंनी तिला सोडवलं, तिच्या खोलीतला दिवाही विझवला, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "चला, जेवणाची येळ गेली."

*

त्यानंतर कंपनीचं सोपं झालं. दुसऱ्या हंगामासाठी त्यांनी एकाचे दोन कंदीलवाले केले. एक ह्यांच्या छापेचा, एक सासूबाईंच्या. गावात दोन पक्ष पडले. ह्यांचा पक्ष लहान होता, पण बोलत जास्त होता.

घरात काय बदललं म्हणाल, तर थोडं. सासूबाई दिवे विझवतातच. मी आता बोलते. परवा मी विचारलं, वटवाघूळ येणार हे तुम्हाला आधी कसं कळायचं? त्या म्हणाल्या, "कळत न्हाई. येऊ द्यायचं." हे शेजारी बसून ऐकत होते, आणि आपल्यावर काही टोमणा आहे का ते तपासत होते.

मग ऋजुता परत आली, या वेळी माझ्याकडे.

"काकू, राजकन्या फार पोकळ आहे हो. नुसती ओरडते. दोन कंदीलवाले तिला सोडवायला येणार, तर तिला काहीतरी स्वतःचं मन पाहिजे. तुम्ही एकेचाळीस मिनिटं खेळाल?"

"मला येत नाही."

"तेच चांगलं."

मी दार लावून एकटी खेळले. कितव्या खोलीपर्यंत गेले ते सांगत नाही. ऋजुतानं छाप काढली, कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघितलं.

"काकू, तुम्ही प्रत्येक खोलीत शिरल्या शिरल्या आधी बाहेर जायचा रस्ता बघता."

"त्यात काय? घर सांभाळणाऱ्या बाईला सवय असते."

"आणि सापडल्यावर त्याच्यापाशी उभ्या राहता. जात नाही."

"मग झालं तर," मी म्हटलं.

हे दाराआड उभे होते, मला पायाची बोटं दिसत होती. त्या संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "रस्ता कसला बघतीस गं तू?" मी म्हटलं, खेळातला. ह्यांनी मान हलवली, पण नाशिकचं वेळापत्रक भिंतीवरून काढून ठेवलं.

दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग गेल्या शुक्रवारी लागला. पुन्हा गल्ली जमली. दोन्ही कंदीलवाले एकदमच राजकन्येच्या दाराशी पोचले. पहिल्यानं आपण कसे आलो ते सांगायला सुरुवात केली. दुसऱ्यानं आत येऊन तेलाचा बुधला उचलून किती उरलंय ते पाहिलं. राजकन्येनं दोघांना बसायला दिलं, पाणी दिलं, पहिल्याचं सगळं ऐकून घेतलं. मग ती आत गेली, मागचं दार उघडलं आणि निघून गेली.

दोघे बसून राहिले. भाग संपला.

सोमवारी कंपनीच्या माणसांनी यंत्रातल्या बत्तीसही खोल्या तपासल्या, त्यांच्या मागच्या भिंतीही तपासल्या. बुधवारी आमच्याकडे पत्र आलं. हे दोनदा वाचून माझ्याकडे बघत राहिले, सासूबाईंनी ते घडी करून देव्हाऱ्याखाली ठेवलं. पत्रात लिहिलं होतं की राजकन्या मालिकेत कुठेही आढळत नाही, आणि आपल्याकडे आल्यास कळवावे.